ज्याच्या शेजारी कुणी वरिष्ठ बसत नाही

रुबीत काम करणाऱ्या आपल्या मंडळींत सध्या एक मत फार ठामपणे मांडलं जातं. डेटाबेसशी बोलणारी मूळ चौकट, म्हणजे ॲक्टिव्ह रेकॉर्ड किंवा सीक्वेल, तेवढी घ्या. तिच्यावर चढवायच्या जोड-लायब्रऱ्या, म्हणजे जेम, घेऊ नका. लागेल ते स्वतः लिहा. जेम घेणारा आळशी असतो, त्याला एसक्यूएल येत नसतं, आणि जेम लिहिणाऱ्यानं काम सोडलं की हा उघड्यावर पडतो. पुरावा म्हणून डेटामॅपरचं नाव घेतलं जातं: केवढी चौकट होती, तिच्याभोवती केवढ्या जोडण्या होत्या, आणि आज त्यातलं कुणी काही वापरतं का?

हे मत चुकीचं आहे. त्यातही ज्यांना ते ऐकवलं जातं, त्या तालुक्याच्या आणि खेड्याच्या ठिकाणी काम शिकणाऱ्या मुलांसाठी ते घातक आहे. म्हणून हा प्रतिवाद, आणि तो राणीसावरगावातून.

गाव सांगण्याला कारण आहे. ‘स्वतः लिहा’ असं म्हणणारा बहुधा पुण्यातल्या किंवा बंगळूरच्या दहा-बारा जणांच्या टीममध्ये बसलेला असतो. त्यानं लिहिलेलं तिथे दुसरा कुणीतरी वाचतो. ‘अरे, हे मागे एकदा केलं होतं, महिनाअखेरीच्या हिशेबात फसलं’ असं सांगणारा माणूस दोन खुर्च्या सोडून असतो. त्यानं स्वतः लिहिलेल्या कोडमागे दहा जणांचा अनुभव उभा असतो, फक्त तो त्याच्या लक्षात येत नाही. गंगाखेड तालुक्यातल्या या गावात मी काम करतो तेव्हा माझ्या शेजारी कुणी बसत नाही. परभणी, हिंगोली, नांदेड जिल्ह्यांतल्या कितीतरी मुलांची हीच स्थिती आहे. पतसंस्थेचं, शाळेचं, शेतकरी कंपनीचं काम घेतात आणि एकट्यानं निभावतात. त्यांना जेमपासून तोडणं म्हणजे इतरांनी आधी खाल्लेल्या ठेचा त्यांना पुन्हा खायला लावणं.

विरोधकांचं आवडतं उदाहरण घेऊ. नोंद खरोखर न पुसता पुसल्यासारखी दाखवायची. ते म्हणतात, टेबलात ‘डिलीटेड ॲट’ असा एक कॉलम टाका. नोंद काढताना त्यात वेळ भरा. यादी दाखवताना तो कॉलम रिकामा असलेल्याच नोंदी दाखवा. दहा ओळींचं काम, त्याला जेम कशाला?

एका शेतकरी उत्पादक कंपनीचं सभासद-नोंदीचं सॉफ्टवेअर माझ्याकडे दुरुस्तीला आलं. आधीच्या माणसानं नेमक्या या दहा ओळी लिहिल्या होत्या आणि त्या बिनचूक होत्या. घोटाळा त्यांच्या बाहेर होता. एका सभासदानं नाव काढून घेतलं आणि पुढच्या हंगामात तो परत आला. त्याचा जुना सभासद क्रमांक भरला की फॉर्म सांगायचा, हा क्रमांक आधीच वापरात आहे. यादीत पाहिलं तर तो क्रमांक कुठेच नाही. पुसलेली नोंद टेबलात होतीच, आणि क्रमांक एकमेव असावा हा डेटाबेसचा नियम पुसलेल्या नोंदींनाही लागू होता. भागभांडवलाची बेरीज करणारी क्वेरी वेगळ्या फाइलमध्ये थेट एसक्यूएलमध्ये लिहिलेली होती. तिला ‘डिलीटेड ॲट’ माहीतच नव्हतं. त्यामुळे यादीखालची बेरीज आणि ताळेबंदातला आकडा जुळत नव्हता, आणि हिशेबनीस बिचारा आपलीच चूक शोधत बसायचा. पुसलेल्या सभासदाच्या माल-आवकीच्या काही पावत्या जिवंत होत्या. पावती उघडली की सभासद सापडत नाही म्हणून पान कोसळायचं. शेवटी कुणीतरी ‘परत आणा’ हे बटण लिहिलं, तर त्यानं सभासदाबरोबर त्याच्या सगळ्या पुसलेल्या पावत्या परत आणल्या. चुकीच्या वजनाच्या म्हणून कारकुनानं वर्षभरापूर्वी मुद्दाम काढलेल्या पावत्याही त्यात आल्या.

आता पॅरानोया नावाचा जेम उघडून पाहा. क्रमांकाचा नियम फक्त न पुसलेल्या नोंदींपुरता कसा ठेवायचा, हे त्याच्या माहितीपत्रकातच लिहिलेलं आहे. पावत्यांचं जे झालं त्यासाठी तर स्वतंत्र सोय आहे: मुख्य नोंद परत आणताना तिच्याबरोबरच, म्हणजे तिच्या आगेमागे दोन मिनिटांत पुसलेल्या पोटनोंदीच परत आणा, असा काळ ठरवून देता येतो. ही सोय बसल्या बसल्या कुणाला सुचत नाही. ज्याच्या हातून नको त्या नोंदी जिवंत झाल्या, त्यालाच ती सुचते. दहा ओळींत हे नसतं, आणि विरोधक ज्याला फुगवटा म्हणतात तो बराचसा हाच असतो.

यावर लगेच उत्तर येतं की पॅरानोयाच नव्या कामासाठी आपल्याला वापरू नका असं सांगतो. खरं आहे. तो मूळ चौकटीची ‘डिस्ट्रॉय’ आणि ‘डिलीट’ ही क्रियापदंच बदलून टाकतो, त्यातून अनपेक्षित गोष्टी घडतात, म्हणून त्याऐवजी डिसकार्ड पाहा, असं त्याच्या माहितीपत्रकात आहे. पण हे शहाणपण आलं कुठून? अनेक वर्षं हजारो ठिकाणी तो जेम चालला म्हणून. स्वतः लिहिलेल्या दहा ओळींवर अशी सूचना कुणीही लिहीत नाही. त्या गुपचूप चालत राहतात, आणि त्यांचा दोष फक्त त्या हिशेबनिसाला दिसतो.

‘मूळ चौकटीत असेल तेवढंच वापरा’ या सल्ल्यात तर इतिहासाचाच विसर आहे. ॲक्टिव्ह रेकॉर्ड ज्या वेब-चौकटीचा भाग आहे त्या रेल्समध्ये आज रोज लिहिला जाणारा ‘स्कोप’ कुठून आला? निक कॅलन यांच्या हॅजफाइंडर या जोडणीतून. २००८ च्या रेल्स २.१ मध्ये ती ‘नेम्ड स्कोप’ म्हणून आत घेतली गेली. क्वेरी तुकड्यातुकड्यांनी बांधणारं एरेलही त्यांचंच, ते रेल्स ३ बरोबर २०१० मध्ये पायात गेलं. हजारो ओळी एका फटक्यात भरण्यासाठी लोक ॲक्टिव्हरेकॉर्ड-इम्पोर्ट वापरत होते. ती सोय ‘इन्सर्ट ऑल’ या नावानं २०१९ मध्ये रेल्स ६ ला आली. दोन कॉलम मिळून प्राथमिक किल्ली करण्याचा जेम २००६ पासून होता. मूळ चौकटीनं ती गोष्ट २०२३ मध्ये, ७.१ ला स्वीकारली. सतरा वर्षं! या सतरा वर्षांत ज्याला तशी किल्ली लागली त्यानं काय करायचं होतं? मूळ चौकटीतल्या कितीतरी सोयी आधी जोडणी म्हणून बाहेर जगल्या, तिथे तावून-सुलाखून निघाल्या आणि मग आत आल्या. जोडण्या नाकारून फक्त मूळ चौकट वापरणारा माणूस कालच्या जोडण्याच वापरत असतो.

आता डेटामॅपर, कारण सगळा भर त्यावरच दिला जातो.

सॅम स्मूट यांनी सुरू केलेली आणि पुढे डॅन कब यांनी सांभाळलेली ही चौकट जाणीवपूर्वक लहान ठेवली होती. डीएम-कोअरमध्ये अगदी पाया. बाकी सगळं डीएम-मोर या गठ्ठ्यात: नोंदी तपासणारं डीएम-व्हॅलिडेशन्स, वेळ नोंदवणारं डीएम-टाइमस्टॅम्प्स, झाडासारखी उतरंड सांभाळणारं डीएम-इज-ट्री, क्रम लावणारं डीएम-इज-लिस्ट, जुन्या आवृत्त्या ठेवणारं डीएम-इज-व्हर्जन्ड, परकीय किल्ल्यांची बंधनं घालणारं डीएम-कन्स्ट्रेन्ट्स. २०१० मध्ये १.० आली तेव्हा हा गठ्ठा सोडवून प्रत्येक जोडणी वेगळा जेम झाली. रचना म्हणून मला ती आजही ॲक्टिव्ह रेकॉर्डपेक्षा स्वच्छ वाटते.

मग ती चौकट मागे का पडली? तिला घर देणारी मर्ब ही वेब-चौकट डिसेंबर २००८ मध्ये रेल्समध्ये विलीन करायचं ठरलं, आणि रेल्सच्या घरात ॲक्टिव्ह रेकॉर्ड आधीपासून बसलेलं होतं. सांभाळणारी मंडळी दुसरी आवृत्ती मुळापासून लिहायला बसली; पिओतर सोलनिका यांच्या हातून ती आरओएम या वेगळ्याच नावानं बाहेर पडली. यात जोडण्यांचा दोष कुठे आहे? पाया हलला म्हणून वरच्या खोल्या गेल्या. उलट डेटामॅपरच्या गुणधर्म मांडण्याच्या भागातून वर्च्युस हा जेम निघाला आणि त्याच विचारातून पुढे ड्राय-आरबीच्या लायब्रऱ्या झाल्या. आणि ज्यांनी डेटामॅपर सोडून ॲक्टिव्ह रेकॉर्ड धरलं त्यांचं नेमकं काय गेलं? रुबीचा कोड पुन्हा लिहावा लागला, त्यात मोठे कष्ट होते, हे मान्य. पण डीएम-इज-ट्री टेबलात ‘पेरेंट आयडी’ नावाचा साधा कॉलम ठेवत होता. डीएम-टाइमस्टॅम्प्सचे ‘क्रिएटेड ॲट’ आणि ‘अपडेटेड ॲट’ हे कॉलम ॲक्टिव्ह रेकॉर्डलाही त्याच नावानं हवे असतात. जोडणी गेली, माहिती जशीच्या तशी राहिली.

जेम निवडताना बघायची गोष्ट ही आहे: तो उद्या गेला, तर टेबलात काय उरतं? बदलांचा इतिहास ठेवणारा पेपर ट्रेल घ्या. कुणी, केव्हा, कोणत्या नोंदीत काय बदललं हे तो एका वेगळ्या टेबलात लिहितो. पतसंस्थेत किंवा शाळेत ‘हा आकडा कुणी बदलला’ हा प्रश्न पडतोच, आणि त्याचं उत्तर या टेबलाइतकं सरळ दुसरीकडे मिळत नाही. पण काही न सांगता वापरलात तर तो जुनी नोंद यॅमलमध्ये साठवतो, आणि ते वाचायला पुन्हा रुबीच लागते. २०२२ मध्ये रेल्सनं सुरक्षेसाठी यॅमल वाचण्याचे नियम कडक केले, तेव्हा अनेकांना जुना इतिहास उघडताना चुका येऊ लागल्या. तोच कॉलम पहिल्या दिवशी जेसनचा केला असता, तर डेटाबेसला थेट विचारता आलं असतं. ‘अपडेट ऑल’नं केलेला बदल पेपर ट्रेलला दिसत नाही, हेही माहीत हवं. या गोष्टी वाचणाऱ्याला पाठ होतात, न वाचणाऱ्याला महाग पडतात. आणि हे जेमइतकंच स्वतःच्या कोडलाही लागू आहे.

उतरंडीबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण ‘पेरेंट आयडी टाका आणि फिरत फिरत वर जा’ हा सल्ला सर्रास दिला जातो. परभणी जिल्हा, त्यात गंगाखेड तालुका, त्यात राणीसावरगाव मंडळ, त्याखाली गावं. प्रत्येक ओळीत वरच्या ओळीचा क्रमांक. वर्गात शिकवायला छान. पण जिल्ह्याखालची सगळी गावं एकदम हवी असतील तर प्रत्येक पायरीला वेगळी क्वेरी मारावी लागते. आजकाल डेटाबेस स्वतःच अशी वर-खाली फिरणारी क्वेरी करतो आणि विरोधक ते बरोबर सांगतात. मात्र पोस्टग्रेसला ती २००९ मध्ये आली आणि आपल्याकडच्या स्वस्त होस्टिंगवर जिकडेतिकडे असलेल्या मायएसक्यूएलला थेट २०१८ च्या ८.० आवृत्तीत. शिवाय चुकून कुणी गंगाखेडचं वरचं ठिकाण म्हणून राणीसावरगाव भरलं, तर स्वतः लिहिलेला फेरा गोल गोल फिरत राहतो. अँसेस्ट्री हा जेम नोंद स्वतःच्याच वंशजाखाली जाऊ देत नाही. तो पूर्वजांचा मार्ग एका कॉलममध्ये क्रमांकांच्या ओळीनं लिहून ठेवतो, त्यामुळे जिल्ह्याखालचं सगळं एका क्वेरीत येतं. त्या मार्गाला परकीय किल्लीचं संरक्षण मिळत नाही ही त्याची उणीव खरी, आणि ती पटली नाही तर दुसरी पद्धत निवडावी.

पण आपल्या जिल्ह्याचा इतिहासच सांगतो की हा खेळ ‘एकदा भरलं की झालं’ असा नाही. १ मे १९८१ ला परतूर परभणीतून निघून नव्या जालना जिल्ह्यात गेलं. १ मे १९९९ ला हिंगोली वेगळी झाली. अख्खी फांदी उचलून दुसरीकडे लावायची. अँसेस्ट्रीत तालुक्याचं वरचं ठिकाण बदललं की खालच्या सगळ्यांचे मार्ग तो बदलतो. स्वतः लिहिणाऱ्यानं मार्ग साठवले असतील तर ही दुरुस्ती त्यानं लिहिलेली असते का? ज्या दिवशी गरज पडते त्या दिवशीच बहुधा कळतं. नावांचंही तेच. २०२३ मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव झालं. जुन्या नावाचे दुवे लोकांनी जपून ठेवलेले, छापलेले. फ्रेंडली आयडी या जेममधला इतिहासाचा भाग जुनं नाव वेगळ्या टेबलात ठेवतो, आणि जुन्या पत्त्यावर आलेला माणूस योग्य नोंदीपर्यंत पोचतो.

सुरक्षेचा मुद्दा मी टाळणार नाही. २०१९ मध्ये रेस्ट-क्लायंट या प्रचंड वापरल्या जाणाऱ्या जेमच्या सांभाळणाऱ्याचं खातं कुणीतरी बळकावलं आणि विषारी आवृत्त्या सोडल्या. मार्च २०२१ मध्ये माइममॅजिक या लहानशा जेमच्या परवान्याचा गुंता झाला, जुन्या आवृत्त्या मागे घेतल्या गेल्या, आणि जगभर रेल्सची कामं उभी करताना अडली, कारण रेल्स स्वतःच आतून त्यावर टेकलेलं होतं. हे दुसरं उदाहरण नीट पाहा. त्या दिवशी एकही जोडणी न घेणारेही अडले. ‘मूळ चौकटच घ्या’ या नियमानं त्यांचं रक्षण झालं नाही. रेस्ट-क्लायंटसारखं जे टळतं ते आवृत्त्यांची फाइल जपल्यानं, बदलांची यादी वाचून मगच नवी आवृत्ती घेतल्यानं, आणि सांभाळणारा कोण आहे हे बघितल्यानं. सीक्वेल पाहा: जेरेमी एव्हान्स २००८ पासून ती चौकट सांभाळत आहेत, दर महिन्याला नवी आवृत्ती येते, आणि तिच्या बहुतेक जोडण्या त्याच जेमच्या पोटात राहतात, एकाच हाताखाली तपासल्या जातात. ‘जोडणी म्हणजे बेवारस’ या म्हणण्याला हे एकच उदाहरण पुरेसं आहे.

राहता राहिला आळशीपणाचा आरोप. तो मला सगळ्यांत जास्त लागतो, कारण तो माणसाच्या कामाऐवजी त्याच्या कष्टांवर बोट ठेवतो. जेम न वाचता डकवणारे आहेत, पण स्वतःचा कोड न तपासता चालवणारेही तितकेच आहेत. माझ्यासारख्याला एसक्यूएल शिकवलं ते जेमनीच: अँसेस्ट्री जी क्वेरी काढतो ती लॉगमध्ये वाचून, पॅरानोयाचा न पुसलेल्या नोंदींपुरता निर्देशांक पोस्टग्रेसमध्ये हातानं बनवून पाहून. पुण्याच्या सतीश तालिम यांनी रुबीलर्निंगवरून जगभरच्या लोकांना विनामूल्य रुबी शिकवली; पुण्याचेच गौतम रेगे यांनी २०१२ मध्ये रुबी आणि मोंगोडीबीवर पुस्तक लिहिलं, त्यात मोंगॉइड ही चौकट आहे. २०१२ आणि २०१३ ची रुबीकॉन्फ इंडिया पुण्यात भरली. हे सगळं आपल्याच राज्यात झालं. पण परिषद दोन दिवसांत संपते, पुस्तक एका आवृत्तीपाशी थांबतं. जेमचा कोड रात्री अकरा वाजताही उघडता येतो. त्यात प्रत्येक चाचणीला नाव असतं, प्रत्येक दुरुस्तीमागे कुणाची तरी तक्रार असते. शेजारी वरिष्ठ नसलेल्याला याहून चांगला गुरू कुठे मिळणार? आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांनी शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पात ‘तुम्ही काय लिहिलं’ याबरोबर ‘तुम्ही घेतलेल्या एका जेमची कोणतीही एक फाइल उघडून समजावून सांगा’ हा प्रश्न विचारावा. महिनाभरात फरक दिसेल.

आणि एक जागा अशी आहे जिथे आपण नुसते घेणारे राहू नये. रेल्समध्ये ‘राणीसावरगाव’ या नावापासून दुव्यात वापरायची ओळ बनवायला ‘परॅमिटराइज’ चालवा: उत्तर रिकामं येतं. मूळ चौकटीला देवनागरीचं एकही अक्षर कळत नाही. प्रत्येकाच्या जागी ती प्रश्नचिन्ह ठेवते आणि मग प्रश्नचिन्हंही काढून टाकते. परभणीचंही तेच, मुंबईचंही तेच. मूळ चौकटीवरच भागवा म्हणणाऱ्यांकडे याचं उत्तर नाही. उत्तर आहे ते फ्रेंडली आयडीचेच लेखक नॉर्मन क्लार्क यांच्या बाबोसा या जेममध्ये. त्यात भाषेनुसार अक्षरांचे नियम जोडता येतात आणि हिंदीचे नियम दिलेले आहेत. पण हिंदीचे नियम मराठीला जसेच्या तसे लावता येत नाहीत. ज्ञानेश्वर हे नाव आपण रोमन लिपीत ‘द्न्य’नं सुरू करतो, हिंदीवाले ‘ग्य’नं. मराठी नावांसाठी या नियमांची तालिका मराठी माणसानंच लिहायला हवी. मी ती लिहायला घेतली आहे, आणि तिच्या चाचण्यांसाठी गंगाखेड तालुक्यातल्या गावांची नावं वापरतो आहे.